सिंफनीवर वरात

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या फोटोला माझ्याही घरात हार आहे, आणि तरीही त्या एका दुपारचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, सोड ना आता. कॅसेटच तर होत्या." तिच्या मोबाइलवर बोट टेकवलं की जगातलं हवं ते संगीत वाजतं, तिला कॅसेट म्हणजे काय हे सांगून कळायचं नाही. ज्यांना कळलं असतं त्यांतले बरेच गेले. म्हणून लिहून ठेवते. आणि आधी चांगलं ते लिहिते, म्हणजे बापावर अन्याय केला असं कुणी म्हणायला नको.

अमरावतीत आमचं रेकॉर्डिंग सेंटर होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. बाबांनी गावची काळी जमीन भावांवर सोडून दिली आणि हा धंदा काढला, त्याबद्दल नातेवाइकांत त्यांची यथेच्छ टवाळी झाली. लोक येऊन आवडीची गाणी सांगायचे, आम्ही ती रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. याला कॅसेट भरणं म्हणत. लग्नसराईत वरातीची गाणी, एप्रिलमध्ये भीमगीतं, गणपतीत आरत्या, आणि अचलपूरहून एसटीनं येणाऱ्या शौकिनांना कव्वाल्या. रेकॉर्डची सुई फार नाजूक. मागे आईनं ठेचा कुटायला घेतला की इकडे सुई उडी मारायची, आणि बाबा पडद्यातून ओरडायचे, "अवो, थांब ना जरा! मशीन चालू हाये!" त्यामुळे आमच्या घरी भाकरी थापायची ती रेकॉर्डची बाजू संपल्यावर. आई परातीत पिठाचा गोळा घेऊन गाणं संपायची वाट पाहत बसायची. आमच्या घरचं जेवण कधीच वेळेवर झालं नाही, पण झालं की गरम असायचं. शेंदूरजनाघाटहून आईच्या माहेरची संत्री आली की दुकानभर त्यांचा वास आणि टेपच्या उलट्या फिरण्याची ती किरकिर, हे माझं लहानपण.

मशीनवर बसायची ती माझी थोरली बहीण, कुसुमताई. मी तिच्या हाताखाली. ताईचा कान असा, की रेकॉर्डवर कुठे ओरखडा आहे हे तिला आधीच्या फेरीत कळायचं. स्वभाव तिखट. बाबा गिऱ्हाइकाशी, आईशी, भावांशी भांडून जिंकायचे, पण ताईपुढे हरायचे, आणि हरल्यावर खूश दिसायचे. "हे पोट्टी माह्यावर गेली," असं येईल त्याला सांगायचे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं बाबा आपल्यापुढे हरतातच या ताईच्या समजुतीवर उभं होतं.

एके दिवशी कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर आले. मूळ नांदगाव खंडेश्वरकडचे, बौद्ध कुटुंबातले, घरातले पहिले शिकलेले. शिक्षणासाठी युरोपात राहून आले होते. तिथून येताना इतरांनी घड्याळं आणली, सरांनी रेकॉर्डची एक जाड पेटी आणली, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन संगीतकाराच्या सिंफनी. घरचा रेकॉर्ड प्लेअर विजेच्या झटक्यानं जळला, म्हणून त्यांना सगळं कॅसेटवर हवं होतं. आमच्या दुकानात ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीपुढे सिनेमाची गाणी म्हणणारी मंडळी, आणि कंडक्टर म्हणजे एसटीतला. सर हसले. स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं की या रेकॉर्डमध्ये जो वादकांपुढे उभा राहून त्यांना चालवतो तो माणूस मुळात फार जुन्या काळचं, चर्चमधलं वगैरे संगीत वाजवणारा. जुनी वाद्यं, जुन्या पोथ्या, यात आयुष्य घालवलेला. म्हातारपणाकडे झुकल्यावर तो या सिंफनींकडे वळला आणि त्यानं विचारलं, की तुम्ही हे ज्या पद्धतीनं वाजवता ती पद्धत ठरवली कुणी? लिहिणाऱ्यानं की नंतरच्यांनी?

सरांकडे त्यांतल्याच एका सिंफनीची आणखी एक रेकॉर्ड होती, जुन्या नावाजलेल्या मोठ्या वाद्यवृंदाची. ती आधी लावली. छान होती. भरजरी, संथ, लग्नातल्या मोठ्या मामासारखी. मग दुसरी लावली. दोन सणसणीत ठोके पडले आणि ताई स्टुलावरून उठून उभी राहिली. वादक थोडे, तंतूंचा आवाज कोरडा आणि सरळ, कुठेही लाडानं थरथरवलेला नाही. शिंगं खरखरीत. नगारे लाकडी काठ्यांनी वाजवलेले, कापडात गुंडाळलेल्या नव्हे. आणि चाल अशी की बाबा आतून भाकरी हातात घेऊन बाहेर आले. "पळून काहून राह्यले हे? कोनी मांगं लागलं काय यायच्या?"

ताई म्हणाली, "हा मानूस रागावलेला हाये, बाबा."

"कोनावर?"

"ज्यायनं याच्यावर एवढी साय धरू देली त्यायच्यावर."

दुसरा भाग शोकाचा होता, प्रेतयात्रेचा, सरांनी सांगितलं. मोठ्या वाद्यवृंदानं तो असा ओढत नेला होता की मला झोप आली होती. याचा मात्र चालता होता. मी म्हटलं, दुःखाचं आहे तर एवढं भरभर का? ताईनं मला वेड्यात काढलं. "तू पाह्यलं नाई काय आपले आबा गेले तेव्हा? तिरडी घेतलेले मानसं कधी हळू चालतात काय? खांदा दुखते. रडनारे मांगं असतात." सरांनी चहा मागितला.

पुढचे कितीतरी दिवस दुपारी, गिऱ्हाईक नसताना, आम्ही ती पेटी उतरवत होतो. बाबांचं आणि ताईचं एक दणदणीत भांडण झालं, ते सांगितलं पाहिजे. हा वाद्यवृंद चालवणारा माणूस, लिहिणाऱ्यानं जिथे 'पुन्हा' असं लिहिलंय तिथे इमानानं पुन्हा वाजवायचा. इतर लोक ते गाळतात म्हणे. त्यामुळे सिंफनी लांबायची आणि कॅसेटच्या एका बाजूला मावायची नाही. बाबांना हे धंद्याच्या दृष्टीनं पटेना. "तेच तं वाजवून राह्यला दोनदा. एकदा पुरे. मी कापून देतो, सरले समजनारही नाई." ताई मशीनसमोर हात पसरून उभी राहिली. "कापलं तं मी या मशीनवर परत बसनार नाई." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, कात्री ठेवली, आणि कपाटातून लांब फितीच्या चांगल्या कॅसेट काढून दिल्या. वर सरांच्या परवानगीनं ताईसाठी एक वेगळा संचही भरू दिला. पाच कॅसेट. भरून झाल्यावर बाबांनी स्क्रूड्रायव्हरनं प्रत्येकीच्या पाठीवरची ती छोटी प्लॅस्टिकची कडी तोडली. ती तुटली की मशीनवर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. "आता ब्रह्मदेव आला तरी याच्यावर दुसरं काही भरू शकनार नाई," बाबा म्हणाले. ब्रह्मदेव आला नाही.

ताईचं लग्न अकोल्याला ठरलं. मुलगा नोकरीतला, दिसायला बरा, बोलायला कमी. ही तेव्हा गुणांची यादी समजली जायची. रुखवत मांडताना आईला वाटलं टेबल मोकळं दिसतंय, म्हणून तिनं करंज्यांच्या आणि लोकरीच्या पोपटाच्या मध्ये त्या पाच कॅसेट उभ्या केल्या. ताई नको म्हणत होती. वऱ्हाडी मंडळींतल्या बायकांनी उचलून पाहिल्या, गाण्यांची नावं नाहीत म्हणून हसल्या, परत ठेवल्या. पण आमच्याकडे रुखवतात मांडलेलं सासरचं होतं. मुलीचं राहत नाही. हे आईला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. पोपटाचं कुणी काही केलं नाही, कॅसेटचं केलं.

अकोल्याच्या त्या घरात एक वाक्य होतं, 'आपल्यात असंच असते.' सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ का, आपल्यात असंच असते. पुरुषांचं झाल्यावर उरलेली भाजी का, आपल्यात असंच असते. ताई माहेरी आली की हे वाक्य सासूच्या आवाजात म्हणून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. दुपारी सगळे लवंडले की ती आवाज बारीक करून कॅसेट लावायची, आणि एक बाजू ऐकून झाली की ज्वारी निवडायला घ्यायची. तेवढंच तिचं तिथे स्वतःचं होतं. कुणाच्या वाट्याचं काढून घेतलेलं नव्हतं, कुणाला ऐकूही जात नव्हतं. पण बाई एकटी बसून कशानं तरी खूश होते, हे काही घरांना सोसत नाही. आधी भाऊजी म्हणाले, ही कसली भांडखोर वाजंत्री. मग सासूला कुणीतरी सांगितलं की ती पेटी कोणत्या सरांची, आणि सर कोणत्या समाजाचे. मग तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "कोनाच्या घरचं आनून वाजवून राह्यली तू आमच्या घरात?" ताईनं उत्तर दिलं. काय दिलं ते मला तिनं कधी सांगितलं नाही, पण माझी बहीण मला माहीत आहे.

त्यानंतर काही दिवसांनी भाऊजी अमरावतीला आले. एकटेच, न कळवता. जावई आला म्हटल्यावर घरात धावपळ उडाली. आईनं पाटवड्यांसाठी बेसन घोटायला घेतलं, शेजारून तूप आणलं. भाऊजींनी पिशवीतून ताईच्या पाचही कॅसेट काढून काउंटरवर ठेवल्या. पाठीवरच्या तुटलेल्या कडीच्या जागी चिकटपट्टी लावून आणली होती. पट्टी लावली की रेकॉर्डचं बटण परत दाबलं जातं, तेवढी माहिती काढली होती पठ्ठ्यानं. म्हणाले, "लहान्याचं लगन हाये. वरातीचे गाने भरून द्या याच्यावर."

बाबा त्या कॅसेटकडे पाहत राहिले. अक्षर ताईचं होतं, त्यांना ते ओळखू आलं. ते म्हणाले, "जवाईबापू, याच्यावर काहून? नव्या कॅसेटी देतो ना. पाच काय, दहा घेऊन जा. घरचंच दुकान हाये."

"नाई," भाऊजी म्हणाले. "याच्यावरच पायजे."

मी तिथेच उभी होते. 'याच्यावरच' हा शब्द त्यांनी अगदी सावकाश उच्चारला. म्हणजे वरातीची गाणी नको होती त्यांना, पुसणं हवं होतं. बाबांना हे कळलं नाही असं म्हणायची सोय नाही, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मग म्हणाले, "बेबी, लाव."

"मी नाई लावत."

"लाव म्हटलं ना."

"ताईले विचारलं काय तुमी?" मी भाऊजींना विचारलं.

"तिले काय विचारा लागते? रुखवतात आलं ते आमचं हाये," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.

मी पाणी दिलं नाही. मी भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढलं. दुकान अंधारलं, पंखा थांबत गेला. मला वाटलं झालं, आता बाबा म्हणतील लाइट गेली, काय करावं जवाईबापू, आणि विषय संपेल. बाबा उठले आणि त्यांनी स्विच वर केलं. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पोरगी त्यायच्या घरात नांदून राह्यली, बेबी. आज नाई म्हटलं तं उद्या तिलेच बोलतीन." हे वाक्य मी आयुष्यभर उलटंपालटं करून पाहिलं आहे. त्यात खोटं काही नाही. पण ते वाक्य म्हणताना ते मुलीचा विचार करत नव्हते, समोर बसलेल्या जावयाचा करत होते, हे मी शपथेवर सांगेन. भित्र्या माणसाला पहिल्यांदा काय सुचतं, तर दुसऱ्याची काळजी.

त्यांनी स्वतः कॅसेट घातली. दोन बटणं एकदम दाबली. रेकॉर्डवर बँडची सनई सुरू झाली, मशीनचे काटे हलायला लागले. पुसताना आवाज होत नाही. त्या दोन ठोक्यांचं, त्या प्रेतयात्रेचं, ताईनं हात पसरून वाचवलेल्या त्या 'पुन्हा'चं काय झालं ते ऐकू येत नव्हतं, ऐकू येत होती फक्त सनई. आत भाऊजी पाटवडी-रस्सा जेवत होते आणि आई वाढताना विचारत होती, तिखट तं नाई झालं? मी पाचही कॅसेट होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून होते. बाबांनी एकदाही हाक मारली नाही. संध्याकाळच्या गाडीनं भाऊजी परत गेले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे जाते सांगून मी अकोल्याची बस पकडली. दारातूनच सनई ऐकू आली. टेप बैठकीत मोठ्यानं लावला होता आणि घरातली पोरं नाचत होती. ताई मागच्या अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"कोनं भरल्या?" तिनं विचारलं. "तू?"

"नाई. मी मेन बंद केलं होतं."

"मंग?"

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"बाबा?" ती म्हणाली. "बाबांनं?"

मी मान हलवली. तिला सगळं सांगितलं, नव्या कॅसेट देतो म्हणाले तेही सांगितलं, म्हणजे तेवढं तरी बाबांच्या बाजूनं पडेल. त्यानं उलट झालं. नव्या देतो म्हणाले म्हणजे त्यांना कळलं होतं, हे तिला माझ्यापेक्षा लवकर समजलं.

"मीच पाठवलं होतं यायले," ती म्हणाली. "हे पुसतो पुसतो करून राह्यले होते. घरी पुसू शकत होते. मी साऱ्यांसमोर म्हटलं, जा, माह्या बापाकडे घेऊन जा. त्यानं पुसून देल्ल्या तं मी परत तोंड नाई उघडनार. मले वाटलं बाबा म्हनतीन, मशीन बिघडली. एवढं तं म्हनता येत होतं ना, बेबी? मशीन बिघडली?"

एवढं म्हणून ती परत पाखडायला लागली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. कोंडा उडत होता, डाळ सुपात मागे येत होती. बैठकीतून सासूनं हाक मारली, पाहुनी आली तं चहा ठेव. ताई "हो" म्हणाली आणि उठली. आयुष्यात मी तिच्या तोंडून इतका गरीब 'हो' ऐकला नव्हता. भाऊजींना मी तेव्हा शिव्या दिल्या, अजूनही देते, पण त्यांनी निदान काही लपवलं नव्हतं. तो परका माणूस होता आणि परक्यासारखा वागला.

आता ती सगळी पेटी मोबाइलवर मिळते. मी एकदा फोनवर विचारलं, ताई, पाठवू का? ती म्हणाली, नको, आता काय करू. मग सुनेच्या बाळंतपणाचं बोलत राहिली.

तर, त्या वर्षीची दिवाळी आली. पहिला दिवाळसण. बाबा स्वतः अकोल्याला आणायला निघाले, मला बरोबर घेतलं. नवी टोपी घातली होती. बसभर ते बोलत होते, कुसुमला अनारसे आवडतात, या वेळी जाळी छान पडली म्हणत होते. मी खिडकीबाहेर पाहत होते. ताईनं दारात पायावर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला, आईची चौकशी केली. कुठे काही कमी केलं नाही. चहा झाला, सासूशी बोलणं झालं. मग बाबा म्हणाले, "चाल बाई, आवर. गाडी भेटली पायजे."

ताई पदर खोचत म्हणाली, "दिवाळसणाले मान जवायाचा असते, बाबा. तुमचा जवाई घेऊन जा. माहं काय काम हाये तिथं?"

बाबा हसले. थट्टा करते आहे असं वाटलं त्यांना. ताई आत गेली आणि भाऊजींची भरलेली बॅग आणून तिनं बाबांच्या पायाशी ठेवली. कपडे, टॉवेल, दाढीचं सामान, सगळं घडी घालून. बाबांनी ती बॅग उचलली.

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या जावयासाठी गरम भजी आणली. गाडी सुटल्यावर मागे वळून मला म्हणाले, "येईन ते, बेबी. पुढच्या सनाले येईन."

ती आली नाही. पुढच्या सणाला नाही, आणि बाबा जिवंत असेपर्यंत कुठल्याच सणाला नाही.